छाया हिरवी होती

एसटीचा ड्रायव्हर डबल बेलशिवाय गाडी हलवत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. का थांब, कुणासाठी थांब, हे विचारायचं नाही. आरशात रस्ता मोकळा दिसत असला तरी मागच्या दाराशी एखादी म्हातारी पायरीवर चढत असते, आणि ती फक्त कंडक्टरला दिसते. ही शिस्त माझ्या अंगात इतकी मुरली आहे की भाजी आणायला निघालो तरी उंबऱ्यावर माझा पाय क्षणभर अडतो. बायको हसते. तिला हसायचा हक्कच आहे, कारण वीस वर्षं ती घंटी तिनेच वाजवली.

मी बब्रुवान ननवरे, बार्शी-लातूर गाडीचा ड्रायव्हर. जयमाला, माझी बायको, त्याच गाडीची कंडक्टर. गाडीत ती मला 'ड्रायव्हर' म्हणायची आणि घरी 'अहो'. डेपोतले लोक चिडवायचे की ननवऱ्याला घरीदारी एकच साहेब. खरंच होतं ते. आता गाड्या विजेवर चालतात, रस्त्यावरची पट्टी स्वतःच धरून ठेवतात, समोर म्हैस आली तर माझ्याआधी थांबतात. तिकिटं फोनवर निघतात. पण म्हाताऱ्या माणसांना हात द्यायला, पोरांना दटावायला आणि घंटी द्यायला कंडक्टर लागतोच. घंटीची दोरी जाऊन बटण आलं, एवढाच फरक.

मुलगी झाल्यावर जयमालाचं वजन वाढत गेलं. गाडीच्या मधल्या वाटेतून ती आडवी होऊन चालायची आणि पॅसेंजर विनोद करायचे. एकदा मुरूडला एक जण म्हणाला की बाई त्या बाजूला उभ्या राहिल्या तर गाडी कलंडेल. ती सगळ्यांबरोबर हसली, त्याचं तिकीट काढून दिलं, आणि घरी येऊन न जेवता झोपली. पुढे साखर आली, गुडघे गेले. शेवटी नऊ वर्षांपूर्वी तिने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठराचा एक छोटासा कप्पा ठेवायचा आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून अन्न पुढे सोडायचं. बार्शीच्या गावातून न जाता बाह्यवळणाने निघावं तसं. खाणं आपोआप कमी होतं आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही.

जयमाला निम्मी झाली. लोक ओळखेनात. पण आमच्या घरात तेव्हापासून वजनकाट्याचं राज्य आलं. ती रोज सकाळी त्याच्यावर उभी राहायची आणि काटा जो सांगेल तसा तिचा दिवस जायचा. आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला बोललो नाही. बारीक झाल्यावर तिच्या पोटाचं कातडं सैल पडून लोंबायला लागलं, तेव्हापासून तिने मला पोट दिसू दिलं नाही. साडी बदलताना दार लावून घ्यायची. मी समजून गप्प बसलो. समजून गप्प बसणं हा माझा जुना आजार आहे.

बाह्यवळणाने गेलं की गावातली दुकानं चुकतात. तसंच झालं. हाडांना लागणारा माल आतड्याच्या त्या वगळलेल्या भागातच जास्त उचलला जातो. गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण जयमाला त्या आठवल्या तर घ्यायची. हाडं कमजोर झाली आणि वर वीस वर्षं हिसके खात उभं राहणं. कमरेचा एक मणका पुढे सरकला, डावा पाय बधिर व्हायला लागला. ढोकीच्या स्टँडवर ती पायरी चुकून पडली तेव्हा मी गाडी तशीच सोडून धावलो. नोकरीत पहिल्यांदाच मी घंटीची वाट पाहिली नाही.

सोलापूरला डॉक्टर फरहाना तांबोळी म्हणून मणक्याच्या सर्जन आहेत. तरुण बाई, पण बोलणं कसं अगदी निवांत. त्यांनी फोटो बघून सांगितलं की मणका जागेवर आणून स्क्रू आणि सळ्यांनी बांधावा लागेल. ऑपरेशन अवघड नाही, म्हणाल्या. त्यांना काळजी होती ती नंतरच्या दिवसांची.

माणूस पडून राहिला की पायातलं रक्त संथ होतं. ऑपरेशननंतर तर शरीर रक्त थांबवायच्याच तयारीत असतं, त्यामुळे ते लवकर गोठतं. पिंढरीत गुठळी धरली आणि सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. हा धोका सगळ्यांनाच असतो, पण जयमालासारख्यांचं गणित वेगळं. पोटाच्या वळशामुळे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या नीट शोषल्या जातील याचा भरवसा नाही, म्हणून इंजेक्शनच द्यायचं. जठर एवढंसं, त्यामुळे पाणी गटागटा पिता येत नाही, आणि पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं. शिवाय इतकी वर्षं भार वाहून पायातल्या शिरांच्या झडपा दमलेल्या. बरं, मग द्या की भरपूर इंजेक्शन, असं मी म्हणालो. तर डॉक्टरांनी मान हलवली. जास्त झालं तर ऑपरेशनच्या जागी रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येतो आणि पाय कायमचे जाऊ शकतात. कमी झालं तर जीव, जास्त झालं तर पाय.

मी घाटात गाडी चालवलेला माणूस, दोन्ही बाजूंना दरी असलेला रस्ता मी अजून पाहिलेला नाही.

"त्यासाठीच आपण छाया काढतो," डॉक्टर म्हणाल्या.

रक्तछाया असं तिचं पूर्ण नाव. ऑपरेशनआधी त्यांनी जयमालाचं थोडं रक्त घेतलं आणि बोटाएवढ्या काचपट्टीतल्या केसाहून बारीक नळ्यांतून वाहवून पाहिलं. कुठे अडतं, किती वेळात गुठळी धरतं, औषधाचा थेंब टाकला की किती सैल होतं. त्या मापांवरून कॉम्प्युटरमध्ये तिच्या रक्ताची एक प्रत उभी राहिली, पायातल्या शिरांसकट. ही प्रत खऱ्या रक्ताच्या पुढे धावते. जयमालाच्या अंगात जे संध्याकाळी व्हायचं, ते छायेच्या अंगात सकाळीच होऊन जातं, आणि ती फोनवर रंग दाखवते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे दवाखाना. इंजेक्शन कमी करायचं की वाढवायचं आणि बंद कधी करायचं, तेही तीच सुचवते.

मनगटावरच्या पट्ट्यातून तिला नाडी आणि हालचाल कळते. इंजेक्शनच्या पेनमधून औषध गेल्याचं कळतं. आणि पाण्याची एक बाटली मिळते, ती प्रत्येक घोट मोजते. आठवड्यातून एकदा बोटातला थेंब द्यायचा की छाया पुन्हा खऱ्या रक्ताशी जुळवून घेते. मधल्या दिवसांत मात्र ती आपण देऊ त्या माहितीवर चालते. डॉक्टरांनी हे दोनदा बजावलं. छायेला डोळे नाहीत, म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

ऑपरेशन झकास झालं. डाव्या पायात जीव आला. काही दिवसांनी आम्ही बार्शीला घरी आलो आणि घरात दोन बायका झाल्या, एक पलंगावर आणि एक फोनमध्ये.

मी रजा काढली होती. भंगारात निघालेल्या एका जुन्या लाल गाडीची घंटी मी डेपोच्या साहेबांना विचारून मागेच घरी आणून ठेवली होती. ती भिंतीवर ठोकली आणि दोरीचं टोक जयमालाच्या उशाशी बांधलं. एक घंटी वाजली की मी असेन तिथून यायचं. दूध आणायला जायचं असलं तर उंबऱ्यावर थांबायचं, आतून डबल बेल आली की निघायचं. तिला ही गंमत फार आवडली. पहिल्या दिवशी तिने मला तीनदा थांबवलं, ते केवळ साहेबकी दाखवायला.

इंजेक्शन पोटात द्यायचं होतं आणि ते मलाच द्यायचं होतं. पहिल्या दिवशी तिने पदर धरून ठेवला. नर्सबाई लावू, म्हणाली. मी म्हटलं की नर्सबाई रोज कुठून आणू. मग तिने तोंड भिंतीकडे केलं आणि पदर सोडला. नऊ वर्षांनी मी माझ्या बायकोचं पोट पाहिलं. सैल, सुरकुतलेलं, बाजूला ओघळलेलं. मला किळस आली नाही. मला वाईट वाटलं, आणि ते पोटाकडे बघून नाही. एवढ्या वर्षांत आपण एकदाही सांगितलं नाही की मला काही फरक पडत नाही, याचं वाईट वाटलं. मी कातडीची चिमूट धरली आणि सुई टोचली. तिने विचारलं की झालं का. मी म्हणालो झालं. हात मात्र मी लगेच काढला नाही, आणि तिनेही काढ म्हटलं नाही.

सगळं सुरळीत झालं असतं, पण पाणी आडवं आलं.

गाडीवरच्या बायका पाणी पीत नाहीत. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बार्शीहून निघालं की लातूरपर्यंत जयमाला ओठ ओले करण्यापुरतं पाणी घ्यायची, कारण मधे उतरून जायचं कुठे, आणि गेलंच तर पन्नास माणसं आपली वाट बघत बसणार. मी पुरुष, मला रान मोकळं. वीस वर्षं तहान मारली की तहान लागायचीच बंद होते. त्यात आता मोरीपर्यंत जायचं म्हणजे सोहळा. कुशीवर वळायचं, कमरेचा पट्टा बांधायचा, माझ्या खांद्याला धरून उठायचं, वॉकरने पाय ओढत जायचं, आणि मी दाराबाहेर उभा. तिला ते मरणाहून वाईट वाटायचं. म्हणून तिने ड्यूटीवरचाच उपाय केला, पाणीच प्यायचं नाही.

बाटली मात्र गप्प बसणारी नव्हती. जयमालाताई, दोन घोट घ्या, असं ती गोड आवाजात म्हणायची. नाही घेतले की छाया पिवळी व्हायची. आणि छाया एकट्या माझ्या फोनवर नव्हती. नांदेडला शिकणाऱ्या सानिकाने, आमच्या मुलीने, हौसेने ती स्वतःच्या फोनवर घेतली होती. तिच्याकडून माझ्या थोरल्या बहिणीने घेतली, अक्काने. अक्काकडून अख्ख्या भावकीत गेली. पिवळा रंग आला की फोन सुरू. सानिका हळवी होऊन रडायची. अक्का हक्काने ओरडायची की का गं, पाणी प्यायला काय होतं तुला, आमचा भाऊ तिकडं झिजतोय. एक चुलत दीर, ज्याने कधी घरी चहा प्यायला नाही, त्याने नारळपाण्याचे फायदे सांगितले.

एका सोमवारी, आठवड्याचा थेंब देऊन झाल्यावर, जयमालाने बाटली पायथ्याशी फेकली. "आधी काटा होता, आता ही," ती म्हणाली. "माझ्या लघवीची चर्चा सगळी भावकी करतेय. मी माणूस आहे की पाण्याची टाकी?"

ती उशीत तोंड घालून रडत होती. फोन पुन्हा वाजायला लागला, अक्काचाच. मी बाटली उचलली, स्वयंपाकघरात गेलो आणि दोन घोट घेतले. स्वतः. बाटली खूश झाली. थोड्या वेळाने फोनवरचा रंग हिरवा झाला आणि अक्का थंड पडली. घरात शांतता झाली. मला वाटलं, दोन घोटांनी कुणाचं काय बिघडतंय.

मग ती सवयच झाली. सकाळी दोन घोट, चहानंतर दोन, जेवणानंतर चार. जयमाला बाटलीचं नाव काढायची नाही, मीही नाही. छाया दिवसेंदिवस छान हिरवी दिसू लागली. नाडी थोडी वाढलेली होती, ती छायेने दुखण्याच्या खात्यात टाकली. तिला बिचारीला काय माहीत की तिच्या अंगात खळखळणारं पाणी माझ्या पोटात आहे. सानिका खूश, भावकी खूश. जयमालाही हसायला लागली होती. आणि मी फोन बघून बघून इतका निर्धास्त झालो होतो की तिच्या तोंडाकडे नीट बघायचंच राहून गेलं. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी त्यावर तूप लावायला दिलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी छायेने सुचवलं की आता इंजेक्शन बंद करायला हरकत नाही. डॉक्टर तांबोळींचा फोन आला. ऑपरेशनच्या जागेचा विचार केला तर जितकं लवकर बंद होईल तितकं बरं, तेव्हा आजपासून बंद करा, सोमवारी थेंब देऊन खात्री करू, म्हणाल्या. आणि शेवटी सहज विचारलं की पाणी नीट पितात ना.

"हो मॅडम, अगदी नीट," मी म्हणालो.

खरं बोललो असतो तर पुन्हा तेच फोन आणि तेच रडणं. शिवाय हा एवढा दिलासा मला मोडवेना. इंजेक्शन बंद झालं, जयमालाने देवाला हात जोडले, मी शिरा केला.

सोमवारी माझी रजा संपत होती. सकाळच्या गाडीवर जायचं होतं, दुपारी परत आलो की थेंब द्यायचा होता. तोवर शेजारच्या काकू येऊन बसणार होत्या. मी खाकी चढवली, डबा घेतला आणि उंबऱ्यावर उभा राहिलो. फोन पाहिला. हिरवा. मी आत बघून म्हणालो की निघतो गं. आतून घंटी वाजली, एकच.

मी हसलो. म्हटलं, बाईसाहेबांना सकाळी सकाळी चेष्टा सुचलीय. दुसरी घंटी येईल म्हणून थांबलो. आली नाही. मी पुन्हा फोन पाहिला. हिरवागार. गाडीची वेळ होत आली होती, स्टँड लांब नाही पण पोचायला हवं होतं. छाया म्हणत होती सगळं ठीक आहे. आणि भिंतीवरची ती जुनी घंटी एकदाच वाजून गप्प झाली होती. खरं सांगतो, त्या वेळी मी शहाणपणा केला नाही. मी विचारच केला नाही. एका घंटीवर माझे पाय पुढे जातच नाहीत, म्हणून मी मागे वळलो.

जयमाला घामाने भिजली होती. दोरी हातात तशीच होती. पिंढरी कालपासून ठणकतेय, म्हणाली, आणि आता दम पुरत नाही. दर दोन शब्दांनंतर ती थांबत होती. मी काल का नाही सांगितलंस म्हणून ओरडलो. तेव्हा ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"छाया हिरवी आहे ना?" ती म्हणाली. "म्हणून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मी डबा खाली ठेवला, अँब्युलन्सला फोन लावला आणि लगेच डॉक्टर तांबोळींना. त्यांनी तिला उठवू नका, मोटरसायकलवर तर मुळीच घालू नका, असं सांगितलं. त्यांच्यासमोरही छाया होती आणि ती हिरवीच होती. हे जुळत नाहीये, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, ती माझ्यामुळे हिरवी आहे. बाटलीतलं पाणी मी पीत होतो."

त्यांनी विचारलं की जयमालाताई स्वतः किती प्यायल्या. मी सांगितलं, दिवसाला एक फुलपात्र, फार तर दीड. आणि कधीपासून, तेही सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की आता औषध द्यायचंच आहे, पण पाठीची जखम अजून ताजी आहे, त्यामुळे किती द्यायचं हे खऱ्या आकड्यांवरच ठरेल. म्हणून काही लपवू नका, तिने उलटी केली असेल, जेवण टाकलं असेल, सगळं सांगा. मी जयमालाचा हात धरून एकेक सांगत गेलो आणि त्या तिकडे छायेतलं माझं पाणी काढून तिचं पाणी भरत गेल्या. माझ्या फोनवरची छाया पिवळी झाली आणि बघता बघता लाल झाली. खरं कळल्यावर तिला क्षणही लागला नाही.

बार्शीतल्याच दवाखान्यात नेलं. तपासणीत पिंढरीतली गुठळी दिसली आणि तिचा एक तुकडा सुटून फुप्फुसात अडकलेला दिसला. छोटा होता, दैव बलवत्तर. डॉक्टर तांबोळींनी सोलापुरातून तिथल्या डॉक्टरांशी बोलून सलाईनमधून औषध सुरू करायला लावलं, थेंबाथेंबाने. आता थेंब वेळोवेळी घेत होते आणि छाया खऱ्या रक्ताशी बांधून ठेवली होती. ती सांगेल तसं औषध कधी जरा वर, कधी जरा खाली. मी तिला मनात शिव्या घातल्या होत्या त्या परत घेतल्या. तिने कधीच खोटं सांगितलं नव्हतं.

पाठीत रक्त साठतंय का हे कळायला नर्स थोड्या थोड्या वेळाने यायची आणि पायाची बोटं हलवायला सांगायची. प्रत्येक वेळी माझा जीव त्या बोटांत जाऊन बसायचा. डावा पाय ऑपरेशनआधी बधिर असलेला, त्याचीच जास्त भीती. दुपार कलली तेव्हा जयमालाचा श्वास जरा ठिकाणावर आला. नर्स आली, म्हणाली बोटं हलवा. जयमालाने माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या पायाचा अंगठा दोनदा हलवला. मोजून दोनदा.

मी व्हरांड्यात जाऊन रडलो. आडपडदा कशाला ठेवू, हुंदके देऊन रडलो.

दोन दिवसांनी ती नीट बोलायला लागल्यावर मी विषय काढला. म्हणालो की चूक माझी, मी तुला मारलंच असतं. ती म्हणाली की बाटली काय आपोआप रिकामी होत होती, हे तिला कळत नव्हतं का. माहीत होतं. स्वयंपाकघरातून घोट घेतल्याचा आवाज यायचा. पण तिला सुटल्यासारखं वाटलं, कुणीतरी आपल्या बाजूने आहे असं वाटलं. म्हणून ती बोलली नाही. आम्ही दोघांनी मिळून एका यंत्राला फसवलं आणि दोघंही त्यात खूश होतो. अशी खुशी परत नको, म्हणाली.

डॉक्टर तांबोळी त्या आठवड्यात स्वतः बार्शीला आल्या. जयमालाने त्यांच्याकडे एकच मागणी केली. छाया फक्त तिच्या स्वतःच्या फोनवर राहील आणि डॉक्टरांकडे. नवऱ्याकडे नाही, मुलीकडे नाही, भावकीकडे तर नाहीच. डॉक्टर म्हणाल्या की रक्त तुमचं, छाया तुमची, हे आधीच विचारायला हवं होतं. तिथेच बसून त्यांनी सगळ्यांच्या फोनवरची छाया बंद केली. माझ्याही. सानिका रुसली आणि मग घरी येऊन आईजवळ चार दिवस राहिली, जे त्याआधी तिला जमत नव्हतं. अक्काला राग आला. राखीपौर्णिमेपर्यंत जाईल.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, आता बरेच महिने. रोज मी टोचतो. तोंड भिंतीकडे करणं बंद झालं आहे, उलट मी नीट धरत नाही म्हणून बोलणी बसतात. परवा एकदा तिने पोटाकडे बघत विचारलं की हे असं कसं दिसतं तुम्हाला. मी म्हणालो, माझ्या बायकोचं पोट दिसतं. उशिरा का होईना, म्हणालो. मोरीचा रस्ताही सोपा झाला. पलंग मोरीच्या दाराशी सरकवला, भिंतीला धरायला दांडा बसवला. इतकं साधं होतं ते, पण आम्ही सगळे रंग बघण्यात गुंतलो होतो.

गाडीवर ती आता येणार नाही. डेपोने आरक्षणाच्या खिडकीवर काम द्यायचं कबूल केलंय, बसून करायचं. तिला वाईट वाटलं, मला तिच्याहून जास्त. बटणाची घंटी कुणीही वाजवेल, पण मला तिच्या हाताचा अंदाज आहे.

माझी वाढवलेली रजा संपली आणि पुन्हा तशीच सकाळ आली. खाकी, डबा, उंबरा. हात सवयीने खिशात गेला, फोन काढला, पण फोनवर बघण्यासारखं काही नव्हतं. मी आत बघून विचारलं की छाया काय म्हणते आज.

"छायेला काय विचारता," जयमाला म्हणाली. "मला विचारा."

मी उभा राहिलो. मग विचारलं, "कशी आहेस?"

एवढे दिवस मी तिच्याबद्दल सगळ्या जगाला सांगत होतो, पण हे तिला विचारलंच नव्हतं. ती जणू आतल्या आत कुठेतरी जाऊन बघून आली.

"तहान लागलीय," ती म्हणाली.

वीस वर्षं एका गाडीत आणि पंचवीस वर्षं एका घरात, हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं मला आठवत नाही. मी डबा खाली ठेवला. माठातून तांब्या भरला, फुलपात्र धुतलं आणि तिच्याजवळ बसलो. तिचं जठर एवढंसं, ती एक घोट घेते, थांबते, मग दुसरा घेते. एक फुलपात्र संपायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी घाई केली नाही. ते संपल्यावर तिने आणखी अर्धं मागितलं. मग ओठ पुसले, दोरीला हात घातला आणि मला उंबऱ्यापर्यंत जाऊ देऊन दोनदा ओढली.

स्टँडवर पोचलो तेव्हा लातूर गाडीचे पॅसेंजर खिडकीतून बघत होते आणि कंट्रोलर घड्याळ दाखवत उभा होता. त्याने उशिराचं कारण विचारलं. मी सांगितलं की डबल बेल मिळाली नव्हती.